राखाडी पडद्यासमोर

याकूबचाचा माणसाकडे पाहण्याआधी त्याच्या पाठीमागे काय आहे ते पाहत असत. दारव्ह्याच्या बाजारओळीतल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला बसा म्हटले नाही की काय काम आहे विचारले नाही. मान किंचित तिरकी करून माझ्या खांद्यावरून दाराबाहेर पाहिले आणि म्हणाले, "बाई, जराशा इकडे सरका. तुमच्या डोक्यातून खांब निघून राह्यला."

मी वळून पाहिले. रस्त्यापलीकडे विजेचा खांब होता.

"मी फोटो काढून घ्यायला आलेले नाही," मी म्हणाले.

"माहीत हाय. पन खांब तं हायच ना."

मी सरकले. मग त्यांनी स्टूल पुढे केले.

त्वचारोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी त्या वर्षी जिल्ह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात संशोधनासाठी आले होते. कापसावर फवारणी करणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या माणसांच्या त्वचेवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. त्यातून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या एका सचित्र ग्रंथात, ज्याला आम्ही अ‍ॅटलास म्हणतो, एक प्रकरण मला लिहायचे होते. माझ्या नावावरचे ते पहिले प्रकरण असणार होते, आणि त्यावर माझे पुढचे बरेच काही अवलंबून होते. मजकूर तयार होत होता. अडले होते ते फोटोंपाशी. रुग्णाच्या मानेवर मला स्पष्ट दिसणारा चट्टा माझ्या कॅमेऱ्यात नाहीसा होई. मी कॅमेरा बदलून पाहिला, अंतर बदलून पाहिले, फ्लॅश वाढवला. फ्लॅश वाढवला की चट्टा अधिकच पुसला जाई. दवाखान्यातल्या परिचारिकेने मला सांगितले, की या तालुक्यात फोटोचा आजार फक्त याकूबचाचांना कळतो.

चाचांनी माझे फोटो एकेक करून पाहिले आणि कॅमेऱ्याची बाजू घेतली.

"याचा कसूर नाही. कॅमेऱ्याले वाटते, सारी दुनिया राखाडी हाय. पांढरी भित दाखवली तरी तो तिले राखाडी करते, काळा माणूस दाखवला तरी राखाडी करते. तुम्ही काळ्या माणसाची मान दाखवली. त्यानं उजेड वाढवून तिले राखाडी केली. मंग डाग कुठी राहीन? डाग तं काळ्यातला काळा होता."

प्रकाशमापनाचे तत्त्व इतक्या कमी शब्दांत मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष माझ्या शास्त्राचा होता आणि तो मला स्वतःलाच काढावा लागला. आम्हाला शिकवलेली दाहाची पहिली खूण म्हणजे लाली. पण ही लाली गोऱ्या त्वचेवरची. इथल्या त्वचेवर तीच प्रक्रिया जांभळट, करडी किंवा नुसतीच अधिक गडद दिसते. पाठ्यपुस्तकातली लाली शोधणाऱ्या डॉक्टरला ती दिसणार नाही, आणि आमचे कॅमेरे ती दिसू नये अशाच बेताने चालतात.

चाचा पंचावन्नच्या पुढचे असावेत. अंगाने काटक, उंचीने बेताचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांचे शिक्षण उर्दू शाळेत झाले होते, त्यामुळे मराठी लिहिताना त्यांची अक्षरे डावीकडे झुकत, घराकडे परत निघाल्यासारखी. बसलेल्या माणसाचा फोटो ते उभ्याने घेत नसत. समोरचा जमिनीवर बसला असेल, तर हेही जमिनीवर बसत. गुडघे कुरकुरत, आणि ते गुडघ्यांना उद्देशून "हो, हो, आयकू आलं" म्हणत. फ्लॅश वापरत नसत. रुग्णाला दाराशी बसवून, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी हातात पांढरे धोतर ताणून धरायला देत. बाजूने येणाऱ्या त्या उजेडात चट्ट्याची उंचावलेली कड अशी उठून दिसे, की मी नकळत हात पुढे करी.

मात्र त्यांना संत समजण्याची चूक मी फार दिवस केली नाही. स्टुडिओचा मुख्य व्यवसाय लग्नासाठी पाठवायच्या फोटोंचा होता, आणि त्यात चाचा मुलींना सर्रास उजळ करत. संगणकाच्या पडद्यावर एका सावळ्या मुलीच्या गालावरून ते सफाईने माऊस फिरवत असताना मी एकदा त्यांना पकडले.

"चाचा, हे काय?"

"दोन दर्जे गोरी करून राह्यलो."

"मला उलटे शिकवता आणि स्वतः हे करता?"

"हे तिनं मांगतलं," ते मान न वळवता म्हणाले. "तिचा फोटो, तिची मर्जी. नवरदेव पाह्यला म्या तिचा. त्याले मी चार दर्जे केला."

माझ्या दृष्टीने हा युक्तिवाद सदोष होता आणि आजही आहे. पण त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. फोटो कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नेहमी एकच असे. फोटो काढणाऱ्याचा तो कधीच नसे.

एका दुपारी मी दवाखान्यातला जुना परदेशी अ‍ॅटलास त्यांना दाखवायला नेला. आपले फोटो कोणत्या पातळीचे हवेत, हे त्यांना समजावे असा माझा हेतू होता. चाचांनी हात धुतले, पुसले, आणि तो जाडजूड ग्रंथ पहिल्या पानापासून पाहायला घेतला. मधे दोन गिऱ्हाइके येऊन गेली. शेवटचे पान पाहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"या किताबात दोन मुलुख हायेत काय, डॉक्टरबाई?"

"म्हणजे?"

"हे पाहा. गोऱ्या माणसाले खाज आली. मागं निळा पडदा, अंगावर धुतलेली चादर, दिसते फक्त कोपर. आता हे पाहा. काळ्या माणसाले खाज आली. तो सारा उभा. अनवाणी. मागं झोपडी, झोपडीच्या बाजूले बकरी." त्यांनी पानावर बोट ठेवले. "बकरीले काय झालं?"

मला हसू आले. मग मी पुस्तक ओढून घेतले आणि रात्रीची वाट न पाहता तिथेच त्यांच्या टेबलावर, वहीत रकाने आखून मोजायला बसले. पाठीमागे पडदा की अंगण. अंग झाकलेले की उघडे. चेहरा दाखवला की नाही. दाखवला असल्यास गरज होती काय. आकडे देण्याचे हे ठिकाण नव्हे. चाचांचे निरीक्षण तपासणीत टिकले, एवढे पुरे. मोजता मोजता आणखी एक गोष्ट हाती आली. इसब, मुरूम, घामोळे असे घरोघरचे आजार त्या ग्रंथात जवळजवळ सगळे गोऱ्या अंगावर झालेले होते. काळी माणसे यायची ती कुष्ठरोगाच्या आणि गुप्तरोगांच्या प्रकरणांत.

हे पुस्तक मी तीन वर्षे अभ्यासले होते. त्याच्याच जोरावर परीक्षेत पहिली आले होते. बकरी मला दिसली नव्हती.

त्या दिवसानंतर चाचांनी एक राखाडी पडदा शिवून घेतला. मांजरपाटाचा, घरीच बादलीत रंगवलेला. राखाडीच का, तर तो कुणाला गोरा करत नाही आणि कुणाला काळाही करत नाही. तो गुंडाळून, मोपेडच्या मागे बांधून आम्ही गावोगाव हिंडू लागलो. कधी तो निंबाच्या फांदीवरून सोडलेला असे, कधी बैलगाडीच्या साट्यावरून, एकदा तर समाजमंदिराच्या खिडकीच्या गजांना. आर्णीकडच्या एका गावात फवारणी करणारा एक म्हातारा पडद्यासमोर बसला आणि म्हणाला, "चाचा, एवढा मोठा पडदा कायले? बायको पाह्यले येनार हाय काय मले?"

"येतीन," चाचा म्हणाले. "तुहा हात पाहून पयतीन."

म्हातारा एवढा हसला, की फोटो हलला.

अशा रीतीने तेवीस फोटो झाले. प्रत्येक फोटो चाचा ज्याचा त्याला दाखवत, आणि तो माणूस बरं म्हणाला तरच ठेवत. मला या विलंबाचा कंटाळा येई. माझ्याकडे छापील संमतिपत्रे होती, त्यांवर सह्या किंवा अंगठे होते. नियमाची बाजू पूर्ण होती. त्यातला एक अंगठा भीमाबाईचा होता.

भीमाबाई महागावच्या बाजूच्या एका कोलाम पोडावर राहत असे. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. चाचांची ओळख होण्याच्या आधी, पहिल्याच आठवड्यात, मी तिला शेतात भेटले होते आणि माझ्या कॅमेऱ्याने तिचा फोटो घेतला होता. ती कापूस वेचत होती. पोटाशी कापसाने भरलेली ओटी, केस सुटलेले, फाटका सदरा लुगड्यावरून चढवलेला, डोळे उन्हाने बारीक झालेले, मागे कुडाची भिंत. अ‍ॅटलासच्या संपादकांना नमुना म्हणून मी पाठवलेल्या फोटोंत तोही गेला होता. मी तो विसरले होते.

संपादक विसरले नव्हते. ते शहरातले मोठे डॉक्टर होते. त्यांनी स्वतः फोन केला. प्रकरण आवडले होते. त्याहून अधिक आवडला होता तो फोटो. तो प्रकरणाच्या आरंभी पानभर जाणार होता, कदाचित संपूर्ण विभागाचे पहिले पान म्हणून. "त्यात प्रदेश दिसतो," ते म्हणाले. "तिकडची परिस्थिती एका नजरेत कळते." बाकीचे तेवीस फोटो दहा दिवसांत पाठवायचे होते.

मी जीपमधून थेट दारव्ह्याला आले. चाचांना बातमी सांगितली आणि फोटो दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"हा कोनं काढला?"

"मी. तुमची ओळख होण्याआधी."

"तिनं पाह्यला?"

"संमतिपत्रावर तिचा अंगठा आहे, चाचा. सगळं नियमाप्रमाणे आहे."

"अंगठा कागदावर हाय. म्या फोटोचं इचारून राह्यलो."

मी चिडले. सहा महिन्यांचे काम, दहा दिवसांची मुदत, आणि या माणसाची एकच टकळी. मी म्हणाले, "पहिल्या पानावर येणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला समजणार नाही."

"समजते, बेटा," ते म्हणाले. एरवी मी त्यांची डॉक्टरबाई होते. बेटा त्यांनी पहिल्यांदाच म्हटले. "पह्यल्या पानावर माहाही फोटो आलता एकदा."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या गाजत होत्या त्या वर्षांत जिल्ह्यात कॅमेरे फार आले होते. कापसाला भाव नव्हता, पण कापसाशेजारी उदास उभ्या असलेल्या माणसाला मागणी होती. एका संस्थेचे अभ्यासक चाचांकडे आले आणि त्यांच्या जुन्या फोटोंमधून एक निवडून घेऊन गेले. धुऱ्यावर उभी असलेली एक बाई, कपाळावर आडवा हात धरलेला, नजर दूर. चाचांना आनंद झाला. वर्षभराने त्या अभ्यासाचे पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर ती बाई होती, आणि आत लिहिले होते, की पतीच्या आत्महत्येनंतर शून्यात पाहणारी विधवा.

"ती शून्यात नोती पाहत," चाचा म्हणाले. "तिचा नवरा डब्बा विसरून गेलता, तो परत येते काय ते पाहून राह्यली होती. कपायावर कुकू नोतं, कारन घामानं पुसलं होतं. अन् हे पुस्तक पोचलं त्याइच्याच गावच्या मास्तरपाशी."

नवऱ्याचे नाव नामदेव. गावाने त्याला सोडले नाही. पारावर बसला तर लोक उठून दोन मिनिटे उभे राहत. रेशनच्या रांगेत कुणी म्हणे, मेलेल्याले साखर कायले. एके दिवशी तो बायकोला घेऊन स्टुडिओत आला आणि खुर्चीवर ताठ बसला.

"चाचा, माहा एक फोटो काढा. जित्ता हाय म्हनून. अन् हार नका घालू."

चाचांनी दोघांचा फोटो काढला, मास्तरांकडून पत्र लिहून घेतले आणि फोटोसह त्या संस्थेला पाठवले. उत्तर आले नाही. पुढे एका सभेत त्यांना तेच पुस्तक पुन्हा दिसले. दुसरी आवृत्ती होती. मुखपृष्ठ तेच.

"नामदेव तं हसून गेला," चाचा म्हणाले. "त्याची बायको नाही हसली. ती माह्या दुकानासमोरून जाते तं तोंड फिरवून जाते. फोटो खरा होता, बेटा. पन म्या त्याले एकलाच परमुलखात पाठवलं. तिथं त्याच्या तोंडात लोकाइनं पाह्यजे ते घातलं."

मी काहीतरी म्हणाले असेन. वैद्यकीय ग्रंथ आणि तसले अहवाल यांतला फरक वगैरे. चाचांनी ऐकून घेतले. तेवीस फोटोंची सीडी टेबलावर होती, ती उचलून त्यांनी खणात ठेवली.

"तुमचा फोटो तुमच्यापाशी हाय, पाठवा. मी कोन अडवणारा? पन माहे तेवीस त्याच्या शेजारी बसनार नाहीत."

तेवीस फोटोंशिवाय प्रकरण नव्हते. त्या रात्रीपुरता मी त्यांचा मनापासून राग केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेडच्या मागच्या सीटवर बसले.

पोडावर भीमाबाई अंगणात तूर पाखडत होती. तिने आम्हाला बाज दिली. मी फोटो तिच्या हाती दिला. तिने तो सरळ धरला, मग उलटा, मग पुन्हा सरळ.

"हे कोन व्हय?"

"तुम्हीच, भीमाबाई. शेतात काढला होता ना मी?"

तिने जावेला हाक मारली. दोघी कोलामीत काहीतरी बोलल्या, जाऊ तोंडाला पदर लावून हसली. भीमाबाई हसली नाही. तिने स्वतःची मान वळवून डाव्या कानामागे बोट ठेवले, मग फोटोतल्या त्याच जागी बोट ठेवले.

"डाग कुठी हाय?"

मी पाहिले. त्या क्षणापर्यंत मी तो फोटो शंभरदा पाहिला असेल. कानामागून मानेवर उतरणारा तिचा वीतभर पसरलेला जुना आजार त्यात नव्हता. फ्लॅशने आणि उन्हाने मिळून तो धुऊन टाकला होता. जे दिसत होते ते फाटका सदरा, सुटलेले केस, कुडाची भिंत.

"उजेडामुळे दिसत नाही," मी म्हणाले.

"मंग हा फोटो कायचा व्हय?" तिने विचारले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "गरिबीचा?"

चाचा माझ्याकडे पाहत नव्हते. ते कुडाच्या भिंतीकडे पाहत होते, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मला शास्त्राचे शिक्षण होते. पुरावा म्हणजे काय, हे मला शिकवले गेले होते. जो फोटो त्वचारोगाच्या ग्रंथात पहिल्या पानावर जाणार होता, त्यात त्वचारोगच नाही, हे संपादकांनी पाहिले नाही, मी पाहिले नाही. ते एका कापूस वेचणाऱ्या बाईने तूर बाजूला ठेवून अर्ध्या मिनिटात दाखवले.

"हा पाठवायचा नाही," मी म्हणाले.

"हा नको. दुसरा काढा." ती लगेच म्हणाली. मला वाटले होते ती नको म्हणेल. "मले तीन डॉक्टरनं नायटा हाय म्हनून मलम देल्लं. दोन साल लावलं. अजून वाढलं. हे पुस्तक डॉक्टर पाहतीन ना?"

"शिकणारे डॉक्टर. सगळे."

"मंग त्याइले समजलं पाह्यजे. पन आज नाही. बाजाराच्या दिशी येतो मी. असं नाही काढाचं."

मी ओळख लपवण्याचा रूढ मार्ग तिला सांगितला. डोळ्यांवर काळी पट्टी टाकता येते, असे म्हणून पिशवीतल्या एका जुन्या पुस्तकातला तसा फोटो दाखवला. तिने तो निरखून पाहिला.

"हिनं काय चोरलं?"

चाचा इतक्या मोठ्याने हसले, की कुडाआडच्या कोंबड्या पळाल्या.

बाजाराच्या दिवशी ती स्टुडिओत आली. हिरवे लुगडे, तेल लावून चापून बांधलेले केस, गळ्यात मण्यांच्या माळा. सोबत जाऊ. राखाडी पडद्यासमोर बसल्यावर चाचा तिच्या बाजूला जमिनीवर बसले, गुडघ्यांशी बोलले आणि म्हणाले, "बाई, डाग मानेवर हाय. तोंड दाखवाचं की नाही ते तुम्ही सांगा."

तिने थोडा विचार केला. "तोंडाले काही झालं नाही," ती म्हणाली आणि मान वळवली. मग पुन्हा वळून: "पन माळा दिसू द्या. उतरवनार नाही."

चाचांनी चार फोटो घेतले. तिने चारही संगणकावर पाहिले. पहिल्यात कान मोठा दिसतो म्हणाली. तिसरा निवडला. तो माझ्या त्या सबंध कामातला सर्वांत चांगला फोटो आहे. जांभळट कड, तिच्या आतली जाड झालेली, सालटे धरलेली त्वचा, कानामागे फवारलेल्या कापसाच्या गाठोड्याने घासली गेलेली रेघ; कोणताही विद्यार्थी एकदा पाहील तर पुन्हा नायटा म्हणणार नाही. चाचांनी स्टुडिओतच त्याची एक प्रत काढून भीमाबाईला दिली आणि दुसरी स्वतःपाशी ठेवली.

सीडीत आता चोवीस फोटो होते. मी ती पाठवली आणि सोबत लिहिले, की आधीचा फोटो मागे घेत आहे. संपादकांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. नवा फोटो वैद्यकीयदृष्ट्या उत्तम आहे. तथापि आरंभीच्या पानासाठी त्यांना प्रदेशाचा भाव असलेले चित्र हवे होते. याने तो येत नाही. ही बाई तर दवाखान्यात तपासायला आलेल्या कुणाही बाईसारखी दिसते. मी लिहिले, की ती तशीच आहे. पहिले पान दुसऱ्या एका केंद्राच्या प्रकरणाला मिळाले. आमचे प्रकरण विभागाच्या शेवटी गेले आणि भीमाबाईचा फोटो पावपानभर छापला जाणार असे कळले. मला वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. मी महत्त्वाकांक्षी होते, अजूनही आहे.

ग्रंथ निघाला तेव्हा माझी बदली ठरली होती. लेखकाची म्हणून मिळालेली एकुलती एक प्रत घेऊन मी दारव्ह्याला गेले. चाचांनी हात धुतले. फोटोंच्या श्रेयात त्यांचे नाव बारीक अक्षरांत होते. मी ते दाखवले, त्यांनी त्यावरून नजर फिरवली आणि पुढची पाने उलटली. भीमाबाईच्या पानावर ते थांबले. उठून दारात गेले, पान उन्हात धरले.

"छापणाऱ्यानं उजळ केली," ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे खरे होते. छापखान्यात कुणीतरी सगळ्या फोटोंचा उजेड एकसारखा करून टाकला होता. चांगले दिसावे म्हणून, कुणालाही न विचारता. जांभळट कड करडी झाली होती. चट्टा दिसत होता, पण शोधावा लागत होता. मी म्हणाले की मी पत्र लिहीन, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती मागेन. मी ते पत्र लिहिलेही. अनेक लिहिली.

चाचांनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष माझ्या बोलण्यात नव्हते. त्यांनी कपाटातून आपल्यापाशी ठेवलेली प्रत काढली. कात्रीने चारही बाजूंनी कापून ती छापील चित्राच्या बरोबर मापाची केली. खळीची वाटी घेतली, करंगळीने फोटोच्या पाठीला खळ लावली, आणि माझ्या परवानगीची वाट न पाहता छापील भीमाबाईवर ती खरी भीमाबाई चिकटवली. कोपऱ्यात हवा राहू नये म्हणून मधून कडेकडे अंगठा ओढत नेला.

"एवढं एक पुस्तक तं बरोबर राहू द्या," ते म्हणाले.

माझी गाडी सुटायची वेळ झाली होती. मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिले नाही.

"वली हाय अजून. आता हलवाल तं सरकन."

"चाचा, गाडी जाईल."

"जाऊ द्या. दुसरी हाय चार वाजता."

त्यांनी पुस्तक मिटले, टेबलावर ठेवले आणि दोन्ही तळहात त्यावर दाबून धरले. एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोसाठी दारात येऊन उभे राहिले. चाचांनी त्याला मानेनेच थांबायला सांगितले. मी स्टुलावर बसले. ते तसेच उभे होते, सगळा भार हातांवर देऊन, डोळे मिटून, ओठ हलवत. मला वाटले ते काही पुटपुटत आहेत. मी नीट ऐकले. ते खळ वाळायला लागणारा वेळ मोजत होते.